मृतदेह आणि पुनरुत्थान : ख्रिस्ती मरणोत्तर विश्वासाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठीतून जागतिक इतिहासाचे अध्यापन करताना ख्रिस्ती धर्मातील मरणोत्तर जीवनाची कल्पना बहुधा एका वाक्यात आटोपली जाते. मृत्यूनंतर आत्मा अमर असतो, पुण्यवान स्वर्गात जातो व पापी नरकात जातो, एवढे सांगितले की विषय संपतो. त्यात ‘पुनरुत्थान’ हा शब्द आलाच तर विद्यार्थी त्याला ‘पुनर्जन्म’ या परिचित कल्पनेच्या शेजारी नेऊन बसवतो. वास्तविक या दोन कल्पना परस्परांच्या विरुद्ध टोकाला आहेत. पुनर्जन्मात आत्मा तोच राहतो व देह बदलतो. पुनरुत्थानात मात्र जो देह मेला, पुरला, कुजला, तोच उठणार असतो. देह हा येथे टाकून देण्याचे वस्त्र नाही.

स्वित्झर्लंडमध्ये अध्यापन करणारे बायबलचे अभ्यासक ऑस्कर कुलमान यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात हाच मुद्दा मांडला होता. आत्म्याचे अमरत्व ही ग्रीक कल्पना असून नव्या करारातील आशा मृतांच्या पुनरुत्थानाची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे व्याख्यान प्रसिद्ध झाल्यावर अनेक श्रद्धाळू वाचकांनी त्यांच्यावर रोष व्यक्त केला, ही गोष्ट बोलकी आहे. ज्या समाजाच्या श्रद्धावचनात देहाच्या पुनरुत्थानाचा उल्लेख दीड हजार वर्षांहून अधिक काळ उच्चारला जात होता, त्या समाजालाही त्या शब्दांचा अर्थ अपरिचित वाटू लागला होता. कुलमान यांची विभागणी फार कोरीव आहे, कारण इसवी सनापूर्वीच्या यहुदी ग्रंथांतही आत्म्याच्या अमरत्वाची कल्पना आढळते. तथापि त्यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता.

प्रस्तुत लेखात या विश्वासाचा मागोवा धर्मशास्त्राच्या अंगाने न घेता मृतदेहाच्या अंगाने घेतला आहे. लोक काय मानतात हे त्यांच्या वचनांपेक्षा ते आपल्या मृतांचे काय करतात यावरून अधिक स्पष्ट होते.

यहुदी पार्श्वभूमी : न्यायाचा प्रश्न

प्राचीन इस्राएली लोकांच्या बहुतांश धर्मग्रंथांत मरणोत्तर जीवनाविषयी फारसे औत्सुक्य नाही. मृत मनुष्य शेओल या अधोलोकात जातो. तेथे सुख नाही, शिक्षाही नाही, केवळ छायेसारखे अस्तित्व आहे. मनुष्याची खरी चिरंतनता त्याच्या संततीत व भूमीत होती.

हे समाधान इ.स.पू. दुसऱ्या शतकात अपुरे पडले. सिरियाचा सेल्युसिड राजा चौथा अँटिओकस याने इ.स.पू. १६७ च्या सुमारास यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि धर्मनियम पाळणाऱ्यांचा छळ आरंभिला. त्यापूर्वीच्या संकटांचा अर्थ पापाची शिक्षा असा लावता येत होता. परंतु आता धर्म सोडणारे जगत होते व धर्म पाळणारेच मारले जात होते. याच काळात अंतिम स्वरूप प्राप्त झालेल्या दानीएलच्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात, मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळजण जागे होतील, ही कल्पना प्रथमच निःसंदिग्धपणे आलेली दिसते. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भाऊ व त्यांची आई यांच्या हौतात्म्याची कथा आहे. त्यांतील एक भाऊ छळकर्त्यांपुढे आपले हात पुढे करतो आणि हे हात देवाकडून पुन्हा मिळतील अशी आशा व्यक्त करतो.

या कथेचे मर्म हातांत आहे. तोडलेले हात परत मिळाले नाहीत तर न्याय झाला असे म्हणता येणार नाही. आत्म्याला कोठेतरी शांती मिळाली, एवढ्याने छळलेल्या देहाचा हिशेब पुरा होत नाही. पुनरुत्थानाची कल्पना मृत्यूच्या भीतीतून जन्मली असे सरसकट म्हटले जाते. ती अन्यायाच्या अनुभवातून जन्मली, असे म्हणणे उपलब्ध साधनांच्या आधारे अधिक सयुक्तिक ठरते.

येशूच्या काळापर्यंत ही कल्पना यहुदी समाजात सर्वमान्य झालेली नव्हती. परूशी ती मानीत होते. मंदिराशी व पुरोहितवर्गाशी निगडित असलेले सदूकी ती नाकारीत होते. एकामागून एक सात भावांची पत्नी झालेली स्त्री पुनरुत्थानसमयी कोणाची पत्नी असेल, हा सदूक्यांनी येशूला घातलेला पेच मार्कच्या शुभवर्तमानात नोंदलेला आहे.

पौल आणि शुभवर्तमाने

ख्रिस्ती लेखनातील सर्वांत जुना पुरावा शुभवर्तमानांचा नसून पौलाच्या पत्रांचा आहे. इ.स. ५० च्या सुमारास लिहिलेल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात एक व्यावहारिक चिंता आढळते. ख्रिस्त लवकरच परत येणार या अपेक्षेत असलेल्या मंडळीतील काही माणसे त्यापूर्वीच मरण पावली, त्यांचे काय? त्यानंतर काही वर्षांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौलाने या प्रश्नाचे विस्तृत विवेचन केले. त्याने बी आणि रोप यांचा दृष्टान्त घेतला. पेरले जाते ते बी आणि उगवते ते रोप यांत सातत्य आहे, परंतु सारखेपणा नाही. उठणाऱ्या देहाला त्याने आत्मिक देह असे म्हटले आणि त्याच अध्यायात रक्तमांसाला देवाच्या राज्याचा वारसा मिळत नाही असेही लिहिले. पुढील अनेक शतकांचे वाद या दोन विधानांच्या फटीतून निघाले आहेत.

शुभवर्तमानांतही हीच द्विधा स्थिती दिसते. मार्कच्या सर्वांत जुन्या उपलब्ध हस्तलिखितांत ग्रंथ रिकाम्या कबरीपाशी, भयभीत होऊन पळणाऱ्या स्त्रियांपाशी संपतो. लूकच्या शुभवर्तमानात उठलेला येशू शिष्यांसमोर मासा खातो. योहानच्या शुभवर्तमानात मग्दालीया मरीया त्याला प्रथम ओळखत नाही, बंद दारांतून तो आत येतो आणि तरीही थोमाला त्याच्या जखमा दाखविल्या जातात. देह तोच आहे आणि तसाच नाही. जखमा मात्र टिकून आहेत.

ग्रीक-रोमन सुशिक्षितांना ही कल्पना अभिरुचीहीन वाटली. आत्मा देहाच्या बंधनातून सुटतो हे प्लेटोच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला पटण्यासारखे होते. सुटलेला आत्मा पुन्हा त्याच कुजलेल्या देहात का यावा, हे त्याला कळत नव्हते. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्सस या विचारवंताने ही आशा कृमिकीटकांना शोभणारी आहे, अशा आशयाची टीका केली.

ल्यों येथील घटना व इरेनिअस

या वादाला तात्त्विक चर्चेपलीकडचे वजन कसे प्राप्त झाले हे पाहण्यासाठी इ.स. १७७ मधील एका घटनेकडे वळावे लागते. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या कारकिर्दीत गॉलमधील लुग्दुनुम, म्हणजे आजच्या फ्रान्समधील ल्यों, या नगरात ख्रिस्ती लोकांविरुद्ध जमावाचा क्षोभ उसळला व पाठोपाठ अधिकृत कारवाई झाली. या घटनेचे वर्णन तेथील व शेजारच्या व्हिएन येथील मंडळींनी आशिया व फ्रिगिया प्रांतांतील बांधवांना पाठविलेल्या पत्रात आहे. चौथ्या शतकात युसेबियसने आपल्या चर्चच्या इतिहासात त्याचे दीर्घ उतारे दिले, म्हणून ते आज उपलब्ध आहे.

नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस मारहाणीनंतर तुरुंगात मरण पावला. ब्लँडिना नावाची दासी अखेरपर्यंत टिकून राहिली. आपली ही दुर्बळ देहाची दासी कबुली देऊ शकणार नाही, अशी तिच्या मालकिणीलाच भीती होती, असे पत्रात म्हटले आहे. रोमन समाजात जिच्या देहावर तिची स्वतःची मालकी नव्हती, तिच्या देहाविषयी पत्रलेखक सर्वाधिक आदराने लिहितो, हे लक्षणीय आहे.

मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मृत्यूनंतरचा आहे. मृतदेह दफनासाठी देण्यात आले नाहीत. रात्रंदिवस पहारा बसविला गेला. नातलगांच्या व बांधवांच्या विनवण्यांचा किंवा पैशाचा उपयोग झाला नाही. सहा दिवस देह उघड्यावर ठेवून नंतर जाळण्यात आले आणि राख ऱ्होन नदीत लोटण्यात आली. यांचा देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास आहे व त्या बळावर ते मृत्यूला भीत नाहीत, तेव्हा आता ते कसे उठतात ते पाहू, असा यामागील हेतू पत्रात नोंदविलेला आहे. छळ करणाऱ्यांनी या विश्वासाचे सामर्थ्य कोठे आहे हे नेमके ओळखले होते. त्यांचा रोख त्यामुळे मृतांच्या देहावर होता.

पोथिनसनंतर ल्यों येथील बिशपपद इरेनिअस याच्याकडे आले. इ.स. १८० च्या सुमारास त्याने पाखंडी मतांविरुद्ध पाच खंडांचा ग्रंथ लिहिला व त्याच्या पाचव्या खंडात देहाच्या पुनरुत्थानाचा कसून पुरस्कार केला. त्याचे प्रतिपक्षी ज्ञानवादी पंथाचे होते. त्यांच्या मते जडसृष्टी ही कनिष्ठ शक्तीची निर्मिती असून मुक्ती केवळ आंतरिक ज्ञानाची असते. इजिप्तमधील नाग हम्मादी येथे १९४५ मध्ये सापडलेल्या हस्तलिखितांत पुनरुत्थानावरील एक छोटे प्रकरण आहे. ज्याला ज्ञान झाले त्याचे पुनरुत्थान याच जन्मी होऊन गेलेले आहे, असा त्याचा आशय आहे. ही मांडणी सूक्ष्म आहे आणि आजच्या वाचकाला कदाचित अधिक आकर्षक वाटेल. परंतु ज्याच्या मंडळीतील माणसांची राख नदीत गेली होती, त्या इरेनिअसला ती मान्य होणे शक्य नव्हते. मातीपासून ज्याने देह घडविला त्याला तो पुन्हा घडविणे अशक्य कसे असेल, हा त्याचा युक्तिवाद आहे. पवित्र भोजनातील भाकर व द्राक्षारस यांवर जे मांस पोसले जाते, ते मांस चिरंतन जीवनास अपात्र कसे, असेही तो विचारतो. रक्तमांसाला राज्याचा वारसा नाही हे पौलाचे विधान प्रतिपक्षी वारंवार पुढे करतात, अशी तक्रार त्याने स्वतःच केली आहे.

कार्थेज येथील टर्टुलियनने तिसऱ्या शतकाच्या आरंभी हा विचार न्यायालयीन भाषेत मांडला. पाप व पुण्य ही देह व आत्मा यांनी मिळून केलेली असतात. मग निवाडा एकट्या आत्म्याचा कसा व्हावा? मक्काबी कथेतील हातांचा मुद्दा येथे लॅटिन तर्कशास्त्राच्या वेषात पुन्हा अवतरलेला दिसतो.

कोणता देह? ओरिजेन ते ऑगस्टीन

देह उठणार हे मान्य केल्यावर विरोधकांनी अडचणीचे प्रश्न विचारले. बुडालेल्या माणसाला मासे खातात, ते मासे दुसरा माणूस खातो. मग ते मांस कोणाचे? हे प्रश्न आज हास्यास्पद वाटतात. परंतु कॅरोलिन वॉकर बायनम यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, इ.स. २०० ते १३३६ या कालखंडावरील ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, या प्रश्नांच्या मुळाशी माणसाची ओळख कशात असते हा गंभीर शोध होता. खाल्ले जाणे, कुजणे, विखुरणे यांची भीती हा त्या काळच्या पाश्चात्त्य ख्रिस्ती मनाचा स्थायीभाव होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

अलेक्झांड्रियाचा ओरिजेन (सुमारे १८५–२५४) याने सर्वांत धाडसी उत्तर दिले. देहातील द्रव्य जिवंतपणीही नदीसारखे सतत वाहत असते, त्यामुळे द्रव्यात ओळख शोधणे व्यर्थ आहे. टिकून राहते ते रूप. बालपणापासून वृद्धत्वापर्यंत जे मनुष्याला तोच ठेवते ते रूप आत्मिक देहात उठेल. पौलाच्या बी-रोपाच्या दृष्टान्ताशी हे उत्तर बरेच जवळचे आहे. परंतु चर्चने ते स्वीकारले नाही. ऑलिंपसचा मेथोडियस व पुढे जेरोम यांनी त्यावर कठोर टीका केली आणि सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात ओरिजेनच्या नावाशी जोडलेल्या मतांचा अधिकृत निषेध झाला. हौतात्म्याची स्मृती जपणाऱ्या समाजाला केवळ रूप पुरेसे नव्हते. त्यांना अस्थी हव्या होत्या.

ऑगस्टीनने ‘देवाची नगरी’ हा ग्रंथ ४२६ च्या सुमारास पूर्ण केला. त्याच्या अखेरच्या, बाविसाव्या खंडात या प्रश्नांची उत्तरे विलक्षण बारकाईने दिलेली आहेत. कापलेले केस व नखे परत येतील काय? द्रव्य नष्ट होणार नाही, पण ते त्याच जागी येण्याची गरज नाही. शिल्पकार पुतळा वितळवून पुन्हा ओततो तेव्हा धातूचा कोणता कण कोठे गेला याला महत्त्व नसते. सर्व जण तारुण्याच्या भरात, ख्रिस्ताच्या वयाच्या सुमाराचे उठतील. स्त्रिया पुरुष होऊन उठतील असे मानणाऱ्यांना त्याने स्पष्ट विरोध केला. स्त्रीत्व हा दोष नसून निसर्ग आहे, असे त्याचे म्हणणे आहे. हुतात्म्यांच्या जखमांच्या खुणा मात्र राहतील. त्या विद्रूपता न ठरता गौरवचिन्हे ठरतील.

हे वाचताना ग्रंथाची पार्श्वभूमी विसरता येत नाही. ४१० मध्ये गॉथांनी रोम लुटले, तेव्हा असंख्य प्रेते बेवारस राहिली. त्यांच्या आप्तांना पहिल्याच खंडात ऑगस्टीन सांगतो की, दफन न झाल्याने त्यांचे काही बिघडत नाही. पुढे ४२१ च्या सुमारास नोला येथील बिशप पॉलिनस याने त्याला विचारले की, संताच्या कबरीजवळ पुरल्याने मृताला लाभ होतो काय? एका मातेने आपल्या मुलासाठी तशी जागा मागितली होती. उत्तरादाखल लिहिलेल्या छोट्या ग्रंथात ऑगस्टीनने म्हटले आहे की, अंत्यसंस्कार हे मृतांच्या साहाय्यापेक्षा जिवंतांच्या सांत्वनासाठी अधिक असतात. त्याच्या स्वतःच्या आईची, मोनिकाची, आफ्रिकेत पतीशेजारी पुरले जाण्याची इच्छा होती. ३८७ मध्ये ती ऑस्टिया बंदरात मरण पावली आणि मरताना तिने तो आग्रह सोडून दिला. ल्यों येथील राखेच्या प्रश्नाचे सैद्धांतिक उत्तर येथे मिळते. देवाच्या दृष्टीने काहीही हरवत नाही. लोकांच्या मनाला मात्र हे उत्तर पुरले नाही, हे पुढील इतिहासावरून दिसते.

कबर आणि अवशेष

ग्रीक व लॅटिन भाषांतील दफनभूमीसाठीच्या ज्या शब्दावरून इंग्रजीतील ‘सेमेटरी’ आला, त्याचा मूळ अर्थ निजण्याची जागा असा आहे. या अर्थाने ख्रिस्ती लोकांनी तो रूढ केला. रोमच्या भुयारी दफनभूमींतील भित्तिचित्रांत माशाच्या पोटातून बाहेर येणारा योना व कबरीतून उठणारा लाजारस पुनःपुन्हा आढळतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रोमन साम्राज्यात दहनाची जागा दफनाने घेतली ती ख्रिस्ती धर्मामुळे, असे विधान अनेक ठिकाणी केले जाते. ते टिकणारे नाही. हे परिवर्तन दुसऱ्या शतकातच, ख्रिस्ती लोक नगण्य अल्पसंख्य असताना, बिगर-ख्रिस्ती श्रीमंत कुटुंबांत सुरू झालेले होते. त्यामागे श्रद्धेपेक्षा रीतिबदल होता, असे ए. डी. नॉक यांनी १९३२ मध्येच दाखविले आहे.

खरे परिवर्तन मृतांच्या स्थानात झाले. रोमन कायद्यानुसार नगराच्या हद्दीत दफन निषिद्ध होते, कारण मृतदेह अपवित्र मानला जाई. ३८६ मध्ये मिलानचा बिशप अँब्रोज याने गर्वासियस व प्रोतासियस या हुतात्म्यांचे म्हणून सापडलेले अवशेष आपल्या नव्या चर्चच्या वेदीखाली ठेवले. पीटर ब्राउन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संतपूजेवरील पुस्तकात या प्रक्रियेचे मार्मिक विश्लेषण केले आहे. मृत नगरात आले, पूजास्थानाच्या मध्यभागी आले, आणि पृथ्वी व स्वर्ग यांचा सांधा कबरीपाशी जुळला. संताचा देह हा उठणार असलेल्या देहाचा नमुना ठरला. म्हणून तो कुजत नाही, सुगंध देतो, अशा कथा रूढ झाल्या.

प्रतीक्षेचा काळ

ख्रिस्ताचे पुनरागमन लांबत गेले तसा एक प्रश्न अपरिहार्य झाला. मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या दरम्यान आत्मा कोठे असतो? आत्म्याचे स्वतंत्र महत्त्व ख्रिस्ती विचारात वाढत गेले ते मुख्यतः या मधल्या काळामुळे. मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा जुनीच होती. २०३ मध्ये कार्थेज येथे मारल्या गेलेल्या पर्पेतुआ या तरुणीच्या तुरुंगातील टिपणांत, बालपणी मेलेल्या भावासाठी तिने केलेल्या प्रार्थनेचा व त्यानंतर तो सुखी झाल्याच्या स्वप्नाचा उल्लेख आहे. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्लूनीच्या मठाधिपतीने २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा स्मरणदिन आपल्या मठांत सुरू केला. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात शुद्धिस्थान, म्हणजे पर्गेटरी, हे नाम एका निश्चित जागेसाठी वापरले जाऊ लागले, असे जाक ल गॉफ यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले. केवळ नामाच्या उगमावर त्यांनी दिलेला भर काही अभ्यासकांना अतिरिक्त वाटतो. तथापि १२७४ च्या ल्यों येथील दुसऱ्या धर्मपरिषदेपर्यंत ही कल्पना अधिकृत चौकटीत आलेली होती, याविषयी वाद नाही.

त्याच वर्षी निधन पावलेल्या थॉमस अॅक्वायनस याने करिंथकरांच्या पत्रावरील भाष्यात, आपला आत्मा म्हणजे आपण नव्हे, अशा अर्थाचे विधान केले होते. केवळ आत्मा तरला तर माणूस तरला असे होत नाही. पण मग पुनरुत्थानापूर्वी संतांना पूर्ण आनंद कसा लाभतो?

ही अडचण १३३१ मध्ये उघड्यावर आली. अविन्यों येथील पोप बाविसावा जॉन याने प्रवचनांतून असे मत मांडले की, अंतिम न्यायनिवाड्यापूर्वी पुण्यवान आत्म्यांनाही देवाचे साक्षात दर्शन होत नाही. या मताला जुन्या धर्माचार्यांच्या लेखनात आधार होता. परंतु संतांकडे मध्यस्थीची याचना करणाऱ्या समाजात हे मत स्फोटक ठरले. संतच अद्याप दर्शनापासून वंचित असतील तर त्यांच्याकडे काय मागावे? विरोधात प्रवचन देणारा इंग्लिश डोमिनिकन थॉमस वेल्स तुरुंगात गेला. पॅरिसच्या धर्मपंडितांनी व फ्रान्सच्या राजाने पोपच्या मताला विरोध केला. डिसेंबर १३३४ मध्ये मृत्युशय्येवर पोपने माघार घेतली. त्याच्यानंतर आलेल्या बाराव्या बेनेडिक्टने २९ जानेवारी १३३६ रोजी निर्णय दिला. शुद्ध आत्म्यांना मृत्यूनंतर, शुद्धीची गरज असलेल्यांना शुद्धीनंतर, पुनरुत्थानाची वाट न पाहता देवाचे दर्शन होते.

हा बेनेडिक्ट म्हणजेच पूर्वीचा पामिए येथील बिशप जाक फूर्निए. त्याच्या चौकशीच्या दप्तरावरून इमॅन्युएल ल रॉय लादुरी यांनी १९७५ मध्ये मोंताय्यू या खेड्याचा प्रसिद्ध इतिहास लिहिला. त्या दप्तरात मृतांशी बोलणारा, त्यांचे निरोप आप्तांना पोहोचविणारा इसम भेटतो, तसेच आत्मा म्हणजे रक्तच होय असे म्हणणारी स्त्रीही भेटते. पिरेनीज पर्वतातील ग्रामस्थांच्या तोंडून मृत्यूविषयीची अशी मते वर्षानुवर्षे ऐकलेल्या माणसानेच पुढे या प्रश्नावर ख्रिस्ती जगताचा निर्णय द्यावा, हा इतिहासातील एक अजब योग म्हणावा लागेल.

१३३६ च्या निर्णयाने पुनरुत्थान नाकारले नाही. उलट त्यात अंतिम दिवशी सर्व देहांसह उपस्थित होतील असे स्पष्ट म्हटले आहे. पण व्यवहारात तोल ढळला. मुख्य घटना आता मृत्यूच्या क्षणीच घडत होती आणि देहाचे उठणे ही तिची पुरवणी झाली. कुलमान यांच्या श्रोत्यांना पुनरुत्थान अपरिचित का वाटले, याचे एक उत्तर येथे सापडते.

पापविमोचनपत्रांचा व्यापारही याच पार्श्वभूमीवर समजून घेतला पाहिजे. पाठ्यपुस्तकांत तो निव्वळ लूट म्हणून येतो. १५१७ मध्ये ल्यूथरने ज्या व्यवहाराला आव्हान दिले, त्यात पैसे देणारा मनुष्य बहुधा मृत आईबापांची किंवा अपत्याची चिंता वाहत होता. ल्यूथरने पुढे मृत्यूला निद्रा म्हटले व जागृती पुनरुत्थानदिनी मानली. कॅल्व्हिनने मात्र आत्म्याच्या निद्रेच्या मताविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इंग्लंडमध्ये १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या देणगी-संस्था बरखास्त झाल्या. जिवंत आणि मृत यांचे देणेघेणे तेथे कायद्याने थांबले.

गोवा : एक देह आणि एक पुराण

धर्मसुधारणेचा हा संघर्ष चालू असतानाच कॅथलिक मिशनऱ्यांनी पुनरुत्थानाचा विश्वास गोव्यात आणला. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर मरण पावला. मांस लवकर नष्ट होऊन अस्थी नेता याव्यात म्हणून देह चुन्यात पुरण्यात आला. युरोपातही दूर देशी मेलेल्या राजांच्या अस्थी मायदेशी नेण्याचा प्रघात जुना होता. १२७० मध्ये ट्युनिस येथे मरण पावलेल्या नवव्या लुईचा देह उकळून अस्थी वेगळ्या केल्या गेल्या होत्या, आणि १२९९ मध्ये पोप आठव्या बोनिफेसने या प्रथेवर बंदी घातली होती. झेवियरचा देह मात्र चुन्यातही टिकून असल्याचे आढळले. तो प्रथम मलाक्का येथे व १५५४ मध्ये गोव्यात आणला गेला. १६१४ मध्ये उजव्या हाताचा भाग रोमला पाठविण्यात आला. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेतील या अवशेषांचे जाहीर दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळातही झाले.

याच भूमीत थॉमस स्टीफन्स या इंग्लिश जेझुइटाने मराठीतून ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्तचरित्र येते. स्वर्गासाठी स्टीफन्स वैकुंठ हा शब्द योजतो. ज्या श्रोत्यांच्या मनात वैकुंठाबरोबर जन्ममरणाचा फेरा आणि त्यातून सुटका या कल्पना आपोआप येत होत्या, त्यांना देहासह उठण्याची कथा त्याच शब्दकळेत सांगावयाची होती. नाव वैकुंठाचे, पण तेथे देहाने जायचे. भाषांतराची ही अडचण आजच्या वर्गातील गोंधळाची पूर्वज आहे. शिवाय ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दहन होत आले त्या कुटुंबांना आता आपले मृत चर्चच्या आवारात पुरावे लागले. श्रद्धेतील बदल सर्वांत ठळकपणे जाणवला असेल तो मृताला अग्नी न देण्याच्या त्या प्रसंगी.

दहनाचा प्रश्न पुन्हा

दहनाला ख्रिस्ती युरोपचा विरोध प्रदीर्घ होता. शार्लमेनने आठव्या शतकाच्या अखेरीस सॅक्सन लोकांसाठी केलेल्या कायद्यात प्रेत जाळणाऱ्यास मृत्युदंड सांगितला आहे. एकोणिसाव्या शतकात वाढत्या शहरांतील भरलेल्या दफनभूमी व आरोग्याचे प्रश्न यांमुळे दहनाची मागणी पुढे आली. सर हेन्री थॉम्पसन यांनी १८७४ मध्ये लंडनमध्ये दहन-पुरस्कर्ती संस्था स्थापन केली. दहनामुळे सामान्य जनांचा पुनरुत्थानावरील विश्वास ढळेल, अशी भीती लिंकनच्या बिशपने व्यक्त केली. त्यावर, मग अग्नीत जाळल्या गेलेल्या हुतात्म्यांचे काय, असा प्रतिप्रश्न लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी केल्याचे नमूद आहे. त्यांना अभिप्रेत होते ते जाळून मारलेले हुतात्मे. परंतु ऱ्होन नदीत लोटलेली राख सतराशे वर्षांनी पुन्हा साक्षीला आली, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

रोमने १८८६ मध्ये दहनावर बंदी घातली. इटली व फ्रान्समधील चर्चविरोधी गटांनी दहनाला निशाण बनविले होते, हे तिचे तात्कालिक कारण होते. १९६३ मध्ये बंदी उठली. पुनरुत्थान नाकारण्याच्या हेतूने नसल्यास दहन मान्य झाले. १५ ऑगस्ट २०१६ या तारखेच्या व्हॅटिकनच्या सूचनापत्रात दहनाने देवाच्या सामर्थ्यास बाध येत नाही हे मान्य करून दफनासच पसंती दिलेली आहे, तसेच रक्षा वाऱ्यावर, पाण्यात वा जमिनीवर विखुरण्यास व आप्तांत वाटून घेण्यास मनाई केली आहे. रक्षा पवित्र स्थळी, एकत्र ठेवावी, असा दंडक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्यात थोडी सवलत देऊन अनेकांच्या रक्षेसाठी सामाईक स्थान करण्यास अनुमती देण्यात आली, मात्र प्रत्येक मृताचे नाव तेथे नोंदविले जावे ही अट ठेवली गेली.

मुंबईतील चर्चच्या दफनभूमींत जागेची टंचाई तीव्र आहे. तेथे ठरावीक काळानंतर कबर उघडून अस्थी काढल्या जातात, भिंतीतील छोट्या कोनाड्यात ठेवल्या जातात, आणि कोनाड्याच्या फरशीवर नाव कोरून जन्माची व मृत्यूची तारीख लिहिली जाते.